पंखा फिरतोय, पडदा काळा!

बटण दाबलं, कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घोंगावला, पुढचा दिवाही लागला. मॉनिटर मात्र काळाठिक्कर! नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्यासारख्या गावात हे निवांत वेळी कधी घडतच नाही. पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली असते, सेवा केंद्राच्या ओट्यावर सातबाऱ्यासाठी माणसं बसलेली असतात, नाहीतर कुणाच्या तरी पोरीचा प्रवेशाचा अर्ज रात्री बाराच्या आत भरायचा असतो. बाहेरून "काय व्हयनं भाऊ?" अशी विचारपूस सुरू होते, आणि गर्दीतून एक सल्ला हमखास येतो: "उचला डबा, न्या नंदुरबारला."

डबा मोटरसायकलवर बांधायची घाई नको. पडदा काळा आहे याचा अर्थ कॉम्प्युटर मेला असा होत नाही. चित्र नसलं तरी हे यंत्र गप्प बसलेलं नसतं. ते दिव्यांतून, पिपाणीसारख्या बीपमधून, पंख्याच्या वेगातून आपलं दुखणं सांगत असतं. ते ऐकता आलं की निम्म्या वेळा दुरुस्ती घरच्या घरी, स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबरावर भागते. आणि या दुरुस्तीच्या पोटात इतक्या भन्नाट गोष्टी दडल्यात की डिस्प्ले गेल्याचं दुःखही थोडं हलकं व्हावं.

नंदुरबार जिल्ह्याला कॉम्प्युटर नवा नाही, हेही लक्षात असू द्या. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी टेंभलीला आले होते. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं टिपणारी ती सगळी यंत्रणा कॉम्प्युटरवरच चालत होती. तेव्हा "खेड्यात कोण हे दुरुस्त करणार?" या प्रश्नाला इथे जागा नाही.

मॉनिटरला आधी बोलतं करा

पहिली चाचणी दहा सेकंदांची. मॉनिटर चालू ठेवून त्याच्या मागची, कॉम्प्युटरकडे जाणारी वायर काढा. पडद्यावर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" अशी पाटी आली तर मॉनिटर जिवंत आहे. ही पाटी कॉम्प्युटर पाठवत नाही. मॉनिटरच्या पोटात स्वतःची छोटी चिप असते, ती हा मजकूर रंगवते. म्हणजे काच, आतला दिवा, वीजपुरवठा सगळं शाबूत. आता संशय वायरवर आणि डब्यावर.

दुसरी चाचणी कीबोर्डची. नम लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर डबा आतून जागा आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा हलतच नसेल तर डबा सुरू होता होताच अडकलाय.

आणि हो, मॉनिटरचं मेनूचं बटण दाबून इनपुट तपासायला विसरू नका. वायर एचडीएमआयला जोडलेली आणि मॉनिटर व्हीजीएची वाट बघतोय, हा प्रकार इतका सर्रास घडतो की दुरुस्तीवाले तो सगळ्यात आधी बघतात.

१२८ बाइटची ओळखपरेड

वायर जोडली की मॉनिटर सर्वप्रथम काय करतो? स्वतःची ओळख करून देतो! कंपनी कोणती, कोणत्या वर्षी आणि कितव्या आठवड्यात जन्म झाला, किती रुंद-उंच चित्र झेपतं, ही सगळी माहिती तो कॉम्प्युटरला अवघ्या १२८ बाइटमध्ये सांगतो. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे मराठीत लिहायचं तर एवढ्या जागेत जेमतेम ४२ चिन्हं बसतील. तेवढ्यात मॉनिटरची अख्खी कुंडली!

यातली एक गंमत. कंपनीसाठी तीन अक्षरांचा संकेत असतो. एलजीचे मॉनिटर आजही स्वतःला 'जीएसएम' म्हणवतात, कारण कंपनीचं जुनं नाव गोल्डस्टार. पाटी बदलून कैक वर्षं झाली, पण मॉनिटरने जुनी ओळख सोडलेली नाही.

ही ओळख नीट पोचली नाही तर कॉम्प्युटर अंदाजाने भलतंच चित्र पाठवतो, आणि पडद्यावर "आउट ऑफ रेंज" उमटतं, किंवा सगळी अक्षरं वांग्याएवढी दिसू लागतात. दोष वायरीच्या दोन बारीक पिनांचा, आणि शिव्या खातो विंडोज.

नववी पिन कुठे गेली?

निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए वायर आयबीएमने १९८७ साली आणली. गावोगावच्या शाळांत आणि कार्यालयांत ती अजून ठाण मांडून आहे. ती काढून तिच्या तोंडात डोकावा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील, एकूण १५. मधल्या ओळीतली चौथी जागा बऱ्याच वायरींत रिकामी असते. ती नववी पिन. "पिन तुटली, म्हणूनच डिस्प्ले नाही" असं म्हणून चांगली वायर फेकून देणारे पुष्कळ आहेत. नववी पिन मुळात चित्रासाठी लागतच नाही, म्हणून अनेक कारखाने ती बसवतही नाहीत.

वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना मात्र फार मोलाच्या. पहिली लाल, दुसरी हिरवा, तिसरी निळा रंग वाहून नेते. तिसरी वाकली की निळा गायब, आणि पांढराशुभ्र सातबारा हळदीत बुडवल्यासारखा पिवळा दिसतो. दुसरी वाकली की सगळं गुलाबी-जांभळं. पहिली गेली की निळसर-हिरवट. रंगावरून पिन ओळखता येते ती अशी. आणि खालच्या ओळीतली तेरावी किंवा चौदावी वाकली, तर चित्राचा ताल धरणारा संकेतच तुटतो. मग रंग सोडाच, पडदाच काळा.

वाकलेली पिन सरळ करायला पक्कड घेऊ नका, ती मोडेल. पेन-पेन्सिलीतलं शिसं काढून टाका, तिचं पोकळ धातूचं टोक पिनेवर अलगद चढवा आणि हळूच उभी करा. दुरुस्तीच्या टेबलावरची ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती आहे.

शेवटच्या 'एफ'ची करामत

डब्याच्या मागे चित्राची दोन तोंडं दिसतात का? एक वर, माऊस-कीबोर्डच्या शेजारी. दुसरं खाली, आडव्या पट्टीवर. खालचं असेल तर आत वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि वायर तिथेच लावायची. झाडलोट करताना वायर निघाली आणि कुणी ती वरच्या तोंडात खोचली की पडदा काळा. कितीही वेळा बंद-चालू करा, तो तसाच राहील.

काही डब्यांत तर वरचं तोंड नुसतं शोभेचं असतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी 'एफ' हे अक्षर असतं, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात चित्र काढणारा भागच चालू नसतो. ग्राफिक्स कार्डाशिवाय अशा प्रोसेसरवर पडदा उजळायचा नाही. एएमडीच्या रायझन ५६०० ची हीच कथा, आणि ५६००जी मध्ये मात्र चित्राची सोय आहे. एका अक्षराचा फरक! नवा डबा जुळवून घेताना बिलावरचं हे शेवटचं अक्षर जरूर वाचा.

एक लांब, दोन आखूड

१९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हापासून एक पद्धत रूढ आहे. चालू होताच कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करतो. पडदा सुरू व्हायच्या आतच काही बिघडलं तर सांगायचं कसं? आवाजाने! एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डात गडबड. हा एक-लांब-दोन-आखूडचा संकेत पुढे अवॉर्ड कंपनीच्या बायोसनेही (म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) उचलला आणि तो कित्येक वर्षं टिकला. थांबून-थांबून लांब बीप वाजत राहिले तर बहुतेक वेळा रॅमची तक्रार असते. संकेत कंपनीगणिक बदलतात, म्हणून मदरबोर्डाच्या पुस्तिकेतलं ते एक पान जपून ठेवा.

हल्ली पुष्कळ डब्यांत तो चिमुकला स्पीकर बसवलेलाच नसतो, म्हणून बीपही ऐकू येत नाही. त्याऐवजी नव्या मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्याच्यावर दिवा अडकला तो गुन्हेगार. बाजूचं झाकण काढून एकदा डोकावलं तरी निदान हातात येतं.

एक सावधगिरी बाळगा. बीप कुठून येतोय ते कान देऊन ऐका. लाईट गेलेली असली की यूपीएसही बीप-बीप करतो, आणि त्या आवाजावरून रॅम बदलायला निघालेले लोक आहेत.

खोडरबराचा महिमा

आता सगळ्यात गाजलेला इलाज. "रॅम काढून खोडरबरने पुसा" हे वाक्य ऐकलं नाही असा कॉम्प्युटरवाला खानदेशात सापडणार नाही. थट्टा वाटावी असा हा इलाज खरंच चालतो, आणि त्यामागचं कारणही पक्कं आहे.

रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. डीडीआर-३ ला २४० दात, डीडीआर-४ ला २८८. हे दात सोनेरी दिसतात कारण त्यांच्यावर खरोखरचं सोनं असतं, अगदी नावापुरत्या थराचं. सोनं गंजत नाही, म्हणून ते वापरतात. पण त्यावर धूळ बसते, बोटांचा तेलकटपणा चिकटतो, पावसाळ्यातली ओल साचते. २८८ पैकी एका महत्त्वाच्या दाताचा संपर्क सुटला तरी कॉम्प्युटर पडद्यापर्यंत पोचत नाही, कारण रॅम तपासल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही.

करायचं असं. डबा बंद करा, पिन बोर्डातून काढा. मग चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कधी कधी एवढ्यावरच काम होतं आणि झाकण उघडावंही लागत नाही. नाहीच झालं तर झाकण काढा आणि आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज चिपला मारू शकते. ती अशी पत्र्यात उतरवायची. आता रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडा. पट्टी वर येते. तिला फक्त कडेने धरा, दातांना बोट लावायचं नाही. पेन्सिलीचा मऊ पांढरा खोडरबर घ्या. अप्सराचा 'नॉन-डस्ट' तर या कामासाठीच केलाय असं वाटतं, कारण त्याचा भुगा उडत नाही. दोन्ही बाजूंचे दात हलक्या हाताने, वरून खाली, एकाच दिशेने पुसा. शाईचा खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर अजिबात नको, त्याने सोन्याचा थरच निघून जाईल. भुगा झटकून कोरड्या सुती फडक्याने पुसा. पट्टीच्या कडेची खाच मदरबोर्डवरच्या खाचेतल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबा. 'खट्ट' असा आवाज झाला पाहिजे. तो झाला नाही तर रॅम बसलीच नाही.

माझं मत विचाराल तर यातलं निम्मं श्रेय खोडरबराचं आणि निम्मं त्या काढण्या-घालण्याचं. पट्टी खाचेत घासत बसते तेव्हा संपर्काची जागा आपोआप साफ होते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, खाच बदलून बघा. नुसत्या एवढ्याने खराब पट्टी किंवा खराब खाच उघडी पडते.

डीडीआर-५ वाल्या नव्या कॉम्प्युटरांसाठी मात्र उलटा सल्ला: थांबा! नवी रॅम टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना ही यंत्रं रॅमशी जुळवून घेत बसतात, आणि तोवर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. घाबरून मध्येच बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गाजर, नागपूर आणि मोबाईलची बॅटरी

पडदा काळा दिसतोय, पण विंडोज सुरू झाल्याचा आवाज येतोय? मग खोलीत अंधार करा आणि मोबाईलची टॉर्च पडद्यावर तिरकी मारा. पुसट, भुतासारखं चित्र दिसलं तर निदान झालं: मॉनिटरच्या मागचा दिवा गेलाय. चित्र आहे, उजेड नाही.

असं होतं, कारण एलसीडीतला द्रव-स्फटिक स्वतः प्रकाशत नाही. तो नुसता झडपेचं काम करतो, मागचा उजेड अडवतो किंवा सोडतो. हा अजब पदार्थ सापडला तोही कारखान्यात किंवा कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत नव्हे. १८८८ साली फ्रीड्रिख राइनित्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्याने बनवलेला एक पदार्थ १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या पुढे एकदम नितळ. दोनदा वितळणारा पदार्थ! मधली ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक.

या कथेत महाराष्ट्रही आहे. एस. चंद्रशेखर हे भौतिकशास्त्रज्ञ, सी. व्ही. रामन यांचे भाचे, नागपूर विद्यापीठात शिकले. पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली तबकडीसारख्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधून काढले. तोवर फक्त काडीसारख्या लांबट रेणूंचेच माहीत होते. या तबकडी-रेणूंची पातळ फिल्म पुढे एलसीडी पडद्यांत वापरली गेली, बाजूने बघणाऱ्यालाही चित्र नीट दिसावं म्हणून. सेवा केंद्रात टेबलाच्या कडेने वाकून "माझं नाव बरोबर आहे का?" बघणाऱ्या आजोबांना आपलं नाव वाचता येतं, त्यात या संशोधनाचा वाटा असू शकतो.

मुंबईचा पडदा तर त्याहून जुना. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या भारतात बनलेल्या कॉम्प्युटरला, २,७०० निर्वात नळ्यांच्या त्या धुडाला, आलेख आणि अक्षरं दाखवणारी कॅथोड-किरण नळी जोडली होती. डिस्प्लेची कटकट महाराष्ट्रात किती जुनी असेल, विचार करा!

पाल, धूळ आणि मिरची

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्रात एक पतंग अडकला. तंत्रज्ञांनी तो वहीत चिकटवून ठेवला, आणि ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याकडे पतंगाची जागा पालीने घेतली आहे. डबा उबदार, अंधारा, आणि मागची पट्टी कुणी काढून ठेवलेली. पालीला याहून चांगलं घर कुठलं? तिची अंडी, तिची विष्ठा, कधी तीच मदरबोर्डवर चिकटलेली सापडते. मागच्या मोकळ्या खाचांवर पत्र्याच्या पट्ट्या लावल्या की हा प्रश्न सुटतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींसाठीही तेच.

धुळीचा मामला वेगळा. नंदुरबारच्या मिरचीचं नाव मोठं, आणि पथाऱ्यांवर मिरची वाळत असली की हवेत काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पंख्यात धुळीचा गालिचा जमला आणि बाहेर चाळीसच्या पुढचा उन्हाळा असला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा मऊ ब्रशने पंखा झाडा. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने गरगर फिरवू नका.

नाण्याएवढी गुरुकिल्ली

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल दिसतो: सीआर२०३२. त्याच्या नावातच त्याचं माप आहे. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तो ३ व्होल्ट देतो आणि डबा बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो. तारीख दरवेळी कैक वर्षं मागे जात असेल तर सेल संपलाय. आणि कुणी बायोसमध्ये काही भलतंच करून पडदा घालवला असेल, तर पिन काढून हा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात. परत लावताना अधिकचं चिन्ह वर.

ग्रामसभेनंतर हरवलेलं चित्र

प्रोजेक्टर लावला होता, कार्यक्रम झाला, वायर तशीच राहिली, आणि मॉनिटरवर काहीच नाही. चित्र प्रोजेक्टरकडे चाललंय! विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा, मग पुन्हा 'पी' दाबत एंटर मारत बघा. एखाद्या दाबण्याला चित्र परत येतं. आणखी एक चार बोटांची जादू: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी'. एक बीप होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि अडकलेला ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. काम सेव्ह न करता डबा बंद करण्याआधी हे जरूर करून बघा.

हात लावू नये अशा जागा

पॉवर सप्लायची पत्र्याची पेटी उघडायची नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि पिन काढल्यावरही काही काळ टिकतात. जुन्या गोल काचेच्या मॉनिटरची गोष्ट याहून भयंकर, तिथे हिशोब हजारो व्होल्टचा. जुन्या पेटीमागे ११५-२३० असा लाल खटका असेल तर तो २३० वरच राहू द्या. कुतूहलाने ११५ वर सरकवला की धूर निघालाच म्हणून समजा. बाहेरून एवढंच बघा: मदरबोर्डला जाणारी २४ पिनांची जाड वायर आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची छोटी वायर घट्ट आहेत ना? ही छोटी सैल झाली की पंखे थाटात फिरतात आणि पडदा काळा राहतो. मदरबोर्डवरच्या उभ्या नळकांड्यांची डोकी फुगलेली दिसली तर ते कपॅसिटर गेले. लो व्होल्टेज आणि झटक्यांच्या गावात हे नवल नाही.

इतकं करूनही उजेड पडला नाही, तर मग न्या नंदुरबारला. नेताना फक्त डबा न्या. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस घरीच. आत जड ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून वेगळं गुंडाळा, रस्त्याच्या खड्ड्यांत ते खाचेसकट उखडू शकतं. दुकानात चार गोष्टी सांगा: बीप किती आणि कसे, नम लॉकचा दिवा हलतो का, दुसऱ्या मॉनिटरवर बघितलं का, आणि बिघाड लाईट गेल्यावर झाला की आपोआप. आणि कुणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. चालू करताक्षणी पडदा काळा राहतो तेव्हा बिघाड विंडोज सुरू होण्याच्या आधीचाच असतो, त्यामुळे फॉरमॅटचा इथे काही संबंध नाही. तुमचे फोटो, अर्ज, हिशोब हार्ड डिस्कवर बहुतेक जसेच्या तसे आहेत. ती डिस्क काढून दुसऱ्या डब्याला जोडली की ते त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घेऊन परत येता येतं.